ऑपरेटरबाईंचा चाफा

बाईंनी आयुष्यात कधी 'हॅलो' म्हटलं नाही. परळच्या ज्या मोठ्या हॉस्पिटलात त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, तिथे फोन उचलला की त्या एवढंच म्हणायच्या, "बोला." पण ते 'बोला' असं, की समोरचा माणूस इकडचं तिकडचं सगळं गिळून थेट मुद्द्यावर यायचा. मी एक्स्चेंजमध्ये नवीन लागले तेव्हा मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. पहिल्याच दिवशी मी कुणाला तरी "हॅलो, कृपया थांबा हं" म्हटलं, तर बाईंनी कानावरचा हेडफोन बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. "कृपया कशाला? आपण काय उधार मागतोय? 'होल्ड करा' म्हण. तो करतो."

बोर्डावरची ही भाषा त्यांनी सगळ्या जगाला लावली होती. भाजीवाला जास्त बोलायला लागला की त्या तळहात वर करून म्हणायच्या, "होल्ड." नवरा हयात होता तेव्हा त्यालाही म्हणायच्या असं आमची आई सांगायची. आम्ही एकाच चाळीत राहायचो, त्या आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर. त्यामुळे ड्यूटी संपली तरी माझी त्यांच्यापासून सुटका नव्हती. चाळीत त्यांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांच्या त्या ऑपरेटरबाई.

एकदा एका बड्या सर्जनने माझ्यावर फोनवर आवाज चढवला. ऑपरेशन थिएटरची लाइन मिळायला उशीर झाला होता आणि त्यात माझी चूक नव्हती, पण मी रडकुंडीला आले. बाईंनी माझ्या बोर्डाकडे हात लांबवून त्यांची लाइन तोडली. सर्जनचा पुन्हा फोन आला, पुन्हा ओरडा सुरू झाला, बाईंनी पुन्हा तोडली. तिसऱ्या वेळी त्या स्वतः बोलल्या. "डॉक्टर, लाइन खराब नाही. तुमचा आवाज मोठा आहे. तो खाली आला की जोडते."  पलीकडून हळू आवाजात, "सिस्टर, ओटी द्या प्लीज." "मी सिस्टर नाही, ऑपरेटर आहे," म्हणत बाईंनी लाइन जोडली. पुढे दोघींवर मेमो आला. बाईंनी माझाही स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "तू जेव जा."

अशा बाईंना झाडांचा नाद असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण त्यांच्या खोलीबाहेरची गॅलरी रंगाच्या रिकाम्या डब्यांनी भरलेली असायची. अबोली, गवती चहा, पानओवा, एक हट्टी कढीपत्ता. हॉस्पिटलातून टाकून दिलेल्या सलाइनच्या नळ्या धुऊन त्यांनी प्रत्येक डब्यावर बाटली टांगली होती आणि थेंब किती वेगाने पडावा हे त्या बोटाने चाक फिरवून ठरवायच्या. नवीन पाहुणा आला की दचकायचा, त्याला वाटायचं गॅलरीत पेशंट ठेवलेत.

पण खरं झाड गॅलरीत नव्हतं. ते चाळीच्या मागच्या बाजूला, सार्वजनिक नळाजवळ जमिनीत होतं. पांढरा चाफा. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत पोचलेला, वाकड्या हातांचा, मार्चमध्ये एकही पान नसताना फुलांनी भरणारा. तो त्यांच्या आईने लावला होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं. आई गेल्यावर तो बाईंचा.

त्या चाफ्याची फुलं कुणीही घ्यावीत, बाईंची ना नव्हती. त्या स्वतः देवदेव करत नसत. घरात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाकी काही नाही. पण चाळीतल्या अर्ध्या देवघरांत त्यांच्याच चाफ्याची फुलं असायची. अट एकच होती. फुलं घेणाऱ्याने खालून मोठ्याने ओरडून सांगायचं, "बाई, फुलं घेते!" आणि वरून "घ्या!" आलं की मगच हात लावायचा. सकाळी पाणी भरायच्या वेळी आमच्या चाळीत हा आरडाओरडा चालायचा. कुणी गुपचूप दोन फुलं उचलली आणि बाईंनी वरून पाहिलं, की त्या खाली उतरायच्या. फुलं परत घ्यायच्या नाहीत, पण त्या माणसाला तिथेच उभं करून ओरडायला लावायच्या.

आमच्या आईला हे मुळीच पटत नसे. "फुलां घेताना आख्ख्या चाळीक कशाक सांगूक व्हया? नगारो वाजवूचो काय?" ती म्हणायची. माज आहे नुसता, असं तिचं मत होतं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

बाई निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेला होता. एकुलता मुलगा कॅनडात, टोरोंटोजवळ. त्याने आईला कायमचं तिकडे नेण्यासाठी अर्ज केला होता आणि इतकी वर्षं काहीच न हललेल्या त्या अर्जाला अचानक हो आलं. त्याच सुमारास आमच्या चाळीच्या पुनर्विकासावर सह्या झाल्या. सगळ्यांनी तात्पुरतं जवळच्या एका उंच इमारतीत राहायला जायचं, मग चाळ पडणार आणि तिच्या जागी टॉवर होणार. म्हणजे बाईंचं जाणं सगळ्या बाजूंनी सोयीचं होतं. मुलाने तिकीट काढायची तयारी केली.

रविवारी मी त्यांच्या खोलीत बसले होते तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. बाईंनी त्याला सांगितलं, "चाफा घेऊन येणार."

"चाफा कसा आणशील, आई? झाड आहे ते."

"काड्या आणणार. चाफ्याची काडी महिनाभर कोरडी राहते. तुझ्या आजीनेही काडीच आणली होती."

तो हसला. "मग ठीक आहे. साडीत गुंडाळ, बॅगेच्या तळाला टाक. कुणी बघत नाही. इथे सगळे असंच आणतात, कढीपत्ता म्हणू नको, ब्रह्मकमळ म्हणू नको."

"चोरून नाही आणणार."

"अगं, चोरी काय त्यात!"

"होल्ड," बाई म्हणाल्या. मुलगा लहानपणापासूनच्या सवयीने गप्प झाला. "तुमच्याकडे झाड न्यायचं तर काय लागतं ते शोध. जे लागतं ते सगळं करायचं. तुझ्या सरकारची परवानगी तू काढ, माझ्या सरकारची मी काढते. शिक्का मारून नेणार मी ती काडी. हातात धरून."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "बाई, एवढा त्रास कशाला? तिकडेही मिळेल की चाफा. नर्सरीत."

त्या खुर्चीतून उठल्या. मग गॅलरीत गेल्या, मीही मागोमाग गेले. खाली चाफ्याचा शेंडा दिसत होता. तिथे उभं राहून त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली.

कोकणात आईचं गाव. गावाच्या देवळाच्या आवारात चाफ्याचं मोठं झाड. आवाराला दगडांचा गडगा, आणि बाईंच्या आजोळच्या वस्तीतल्या माणसांनी त्या गडग्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. फुलं आत पडायची तशी बाहेरही पडायची. बाहेर रस्त्यावर पडलेलं फूल वस्तीतल्या मुलीने उचललं तरी आतून कुणीतरी खेकसायचं, टाक ते खाली. बाईंच्या आईने लहानपणी एकदा उचललं होतं, आणि ते तिच्या हातून टाकवलं होतं, सगळ्यांसमोर. मग ती मोठी झाली, लग्न झालं, नवरा मुंबईला गिरणीत. निघायच्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, ती देवळामागे गेली. एक फांदी गडग्यावरून बाहेर झुकलेली होती. तिने ती मोडली आणि अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून मुंबईला आणली. चाळीच्या नळाजवळ खोचली.

"मरायच्या आधी सांगितलं तिने मला," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली? तर म्हणाली, फांदी गडग्याच्या बाहेर होती. गडग्याच्या बाहेर आपण, असं तेच म्हणायचे ना? मग बाहेरचं आपलं. घेतलं."

बाई कठड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "पण आयुष्यभर लपवलं ना तिने. आपलंच होतं तरी लपवावं लागलं. म्हणून मी सगळ्यांना ओरडायला लावते. आणि आता मी तीच काडी साडीत लपवून नेऊ? विमानातून? माझ्या आईला मागायची सोय नव्हती. मला आहे. मी मागणार आणि त्यांना द्यायला लावणार."

त्यानंतर मी नर्सरीचं नाव काढलं नाही.

झाडं परदेशी पाठवायची तर ती तपासून दाखला देणारं एक सरकारी कार्यालय आहे. रे रोडच्या पुढे, बंदराच्या बाजूला. बाई मला सुट्टी घ्यायला लावून सोबत घेऊन गेल्या, ऐन पावसाळा संपतानाच्या दिवसांत. लाकडाच्या वखारी, ट्रकांची रांग, त्यातून बाई चाफ्याची एक पानांसकट फांदी ध्वजासारखी उभी धरून चाललेल्या. ट्रकवाले बघत होते.

तिथले अधिकारी मध्यमवयीन, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी काडीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मॅडम, एका काडीसाठी आलात? इथे लोक कंटेनर घेऊन येतात."

"कंटेनरमधली एक काडी तपासता ना?"

"हो, नमुना काढतो."

"मग हा नमुना समजा. कंटेनर घरी आहे."

ते हसले, पण भिंग घेतलं. पान उलटं करून त्यांनी बाईंना जवळ बोलावलं. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके होते. तांबेरा. "हा रोग आहे मॅडम. तुमच्या झाडाला काही होणार नाही, पण ही भुकटी वाऱ्याने उडते. तिकडे कुणाच्या काचघरात शिरली तर त्याची झाडं जातील. यावर मी सही करू शकत नाही."

मला वाटलं, आता बाई भांडणार. मी मनाची तयारी केली. बाईंनी भिंग हातात घेऊन स्वतः बराच वेळ पाहिलं. मग ते खाली ठेवलं. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "हे न्यायचं नाही. झाड बरं करून आणते. कधी येऊ?"

"पानं गळाल्यावर या. थंडीनंतर. बिनपानाची, नीट सुकवलेली काडी आणा. माती अजिबात नको."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"तो खरं बोलत होता. नियमाशी माझं भांडण नाही गं. जो म्हणतो ना, तुम्हाला कशाला हवंय, त्याच्याशी आहे."

असं म्हणणारे पुष्कळ निघाले. पहिला मुलगाच. कॅनडाने दिलेल्या परवानगीला मुदत होती. एका ठरावीक तारखेच्या आत तिकडे पाऊल ठेवलं नाही तर सगळी इतक्या वर्षांची प्रक्रिया रद्द. आणि ती तारीख मार्चमधली. म्हणजे झाड बरं होईपर्यंत थांबायचं तर हातात जेमतेम काही दिवस उरत होते. मुलगा फोनवर चिडला. मी तिथेच होते. "आई, लोक यासाठी जीव टाकतात. आणि तू एका काडीपायी सगळं घालवायला निघालीस! आणि इथे बर्फ पडतो, बर्फ! मरेल ते झाड."

"मी मरणार आहे का तिकडे?"

"तू घरात राहशील, हीटरपाशी."

"मग तीही राहील. माझ्याशेजारी."

तो वैतागला तरी त्याने तिकडची परवानगी काढली, हे त्याचं. आईच्याच पोटचा होता.

इकडे बाईंनी झाडावर उपचार सुरू केले. शिडी लावून सगळी पानं खुडली. खाली पडलेलं एकेक पान वेचून पत्र्याच्या डब्यात जाळलं. मग गंधकाची पूड, तोंडाला ओढणी बांधून, फडक्याच्या पुरचुंडीने. झाड नागडं, पांढरं, गंधकाने पिवळसर. चाळीतली माणसं चेष्टा करायची, "ऑपरेटरबाई, झाडाला आयसीयूत घातलंत काय?" बाई शिडीवरून म्हणायच्या, "भेटायची वेळ संध्याकाळी." पण हळूहळू चेष्टा करणारेच पानं वेचायला लागले. आमची आईसुद्धा एक दिवस टोपली घेऊन खाली बसलेली दिसली. गोष्ट मी तिला सांगितली होती.  सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच फुलं घेताना ती सगळ्या चाळीपेक्षा मोठ्याने ओरडायची.

जानेवारीत खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. आम्हीही त्या तात्पुरत्या इमारतीत गेलो, चौदाव्या मजल्यावर. बाई हलल्या नाहीत. बिल्डरचा सुपरवायझर रोज यायचा. "मावशी, सगळे गेले. वरचं पाणी बंद करणार आहे."

"नळ खाली आहे ना? मी खाली भरेन."

"मावशी, तुम्ही तर कॅनडाला चाललात. तुम्हाला काय करायचंय या झाडाचं?"

ही चूक त्याने करायला नको होती. बाईंनी खोलीतली खुर्ची खाली आणली, चाफ्याला पाठ लावून बसल्या. "आता विचार परत," म्हणाल्या. त्याने विचारलं नाही. त्यानंतर तो आला की लांबूनच हात करायचा आणि बाईही हात करायच्या. निदान त्या तिथे असेपर्यंत कुणी त्या झाडाजवळ करवत नेली नाही.

फेब्रुवारीत त्यांनी तीन काड्या कापल्या. कापल्या जागी पांढरा चीक ठिबकला तो कोमट पाण्याने धुतला, काड्या सावलीत टांगून सुकवल्या. मग आम्ही पुन्हा रे रोडला गेलो. तेच अधिकारी. त्यांनी काड्या उलटसुलट पाहिल्या, टोकं खरवडली, भिंगाखाली धरली, आतल्या खोलीत नेऊन कसलीशी प्रक्रिया केली. बाई बाकावर ताठ बसून होत्या. निकालाला बसतात तशा.

दाखला तयार करताना साहेबांनी त्यांना माहिती विचारली. 'मूळ ठिकाण' या रकान्यापाशी बाईंनी त्यांना थांबवलं. "इथे गावाचं नाव लिहिता येईल का?"

"नाही मॅडम. देशच लिहितात."

बाईंनी त्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा नीट वाचता आलं नाही. "चालेल," त्या म्हणाल्या. "देश लिहा. देशाचीच आहे ती."

शिक्का पडला. मी इतक्या वर्षांत बाईंना रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. पण बाहेर आल्यावर त्यांनी तो कागद मला देऊन म्हटलं, "वाच. मोठ्याने." वखारींच्या त्या रस्त्यावर, ट्रकांच्या भोंग्यांमध्ये, मी तो इंग्रजी दाखला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. चाफ्याचं लॅटिन नाव माझ्याकडून नीट उच्चारलं गेलं नाही. बाईंनी तीनदा म्हणायला लावलं.

विमानतळावर मी सोडायला गेले होते. काड्या त्यांनी बॅगेत टाकल्याच नाहीत. कागदात गुंडाळून, टोकं दिसतील अशा, हातात. मुदत संपायला अगदी थोडा अवधी होता आणि मुलगा फोनवर दर दहा मिनिटांनी विचारत होता, निघालीस का. बाईंनी त्याला शेवटी होल्डवर टाकलं.

पुढचं मला त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझा मोबाइल वाजला, उचलला, तर पलीकडून "बोला." फोन त्यांनी केलेला, आणि बोला मी!

टोरोंटोला उतरल्यावर माणसं भराभर बाहेर पडत होती. बाई काड्या उंच धरून स्वतःहून अधिकाऱ्यांकडे गेल्या. त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. तिथे पगडीवाला एक तरुण अधिकारी होता. तो हिंदीत म्हणाला, "माताजी, ये किसने मँगवाया?"

"किसी ने नहीं. मैं लाई."

"अचार-वचार है?"

"अचार नहीं है. झाड है. कागज पढो."

त्याने कागद वरवर पाहिला आणि जा म्हणाला. बाई जागच्या हलल्या नाहीत. "पूरा पढो." मागे रांग. त्याने पूर्ण वाचला. मग काड्या तपासल्या. एकीचं टोक प्रवासात मऊ पडलं होतं. ती न्यायची नाही म्हणाला. बाईंनी दाबून पाहिलं, खरंच मऊ होतं. "टाकते," त्या म्हणाल्या, "पण मी टाकणार." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती त्याच्या डब्यात ठेवली. 'टाकली' नाही, 'ठेवली', हे त्यांनी मला फोनवर दुरुस्त करून सांगितलं.

"मग तो म्हणाला, जाइए. मी म्हटलं, शिक्का?"

"मारला?"

"मारला. हसत होता. मी नाही हसले."

दोन काड्यांपैकी एक तिथल्या थंडीत काळी पडून गेली. दुसरी हीटरजवळच्या बादलीत महिनोन्महिने नुसती काठी होऊन उभी राहिली. सून म्हणायची, मेली असेल, टाकूया. बाई नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवायच्या. जूनमध्ये तिला पान फुटलं. मला फोटो आला, पानाचा. मागे खिडकीत बाईंचं अर्धवट प्रतिबिंब.

पण त्याच्या आधी, एप्रिलमध्येच, इकडे सुपरवायझरचा मला फोन आला होता. चाळ पाडायला घेतली होती आणि चाफा उद्या जाणार होता. झाड तोडायची परवानगी आली होती. "ऑपरेटरबाईंना कळवा," तो बिचारा म्हणाला. मी कळवलं. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता त्या काय करणार तिकडून.

तासाभरात आमच्या मजल्यावर फोन वाजायला लागले. आधी शेजारी, मग समोर, मग खालच्या मजल्यावर. कॅनडात बसून बाईंनी आख्ख्या चाळीला एकेक करून फोन लावला होता. प्रत्येकाला तेच. "उद्या दुपारी जा. एक फांदी घ्या. लपवून आणू नका. रस्त्याने हातात धरून आणा."

दुसऱ्या दिवशी उन्हात आम्ही वीस-पंचवीस जण त्या मोडक्या चाळीच्या मागे जमलो. झाडावर पान नव्हतं, नुसती फुलं. सुपरवायझरने स्वतः कोयता दिला. फांद्या कापल्या, चीक सगळ्यांच्या कपड्यांवर सांडला, त्याचे डाग अजून माझ्या एका ड्रेसवर आहेत. मग आम्ही फांद्या खांद्यावर टाकून मुख्य रस्त्याने चालत निघालो. फुलं गळत होती. टॅक्सीवाले विचारत होते, कसली मिरवणूक.

इमारतीच्या गेटवर वॉचमनने अडवलं आणि मॅनेजरला बोलावलं. तो तरुण माणूस होता, कंपनीने नेमलेला. "इथे झाडं अलाउड नाहीत. गळती होते. आणि तुम्ही तर टेम्पररी आहात, तुम्हाला कशाला पाहिजेत?"

आमची आई पुढे झाली. वय झालेलं, खांद्यावर तिच्याहून उंच फांदी. "आमचां झाड आसा तां. खंय ठेवचां तां आमी बघतलव," ती म्हणाली. कुठे ठेवायचं ते आमचं आम्ही बघू, एवढंही मॅनेजरला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नियम दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"झाडं नकोत असा नियम लिहिलेला दाखवा. आम्ही थांबतो."

तो आत गेला. आम्ही उन्हात उभे राहिलो. कुणीही फांदी खाली टेकवली नाही. बऱ्याच वेळाने तो एक कागद घेऊन आला आणि आम्ही त्याला तो मोठ्याने वाचायला लावला. सार्वजनिक जागेत, जिन्यात आणि लिफ्टसमोर कुंड्या ठेवू नयेत, एवढंच त्यात होतं.

"जिन्यात नाही ठेवणार," मी म्हटलं. "गळतीचं तुमचं बरोबर आहे. प्रत्येक जण खाली ताट ठेवेल. अजून काही आहे का कागदात?"

काही नव्हतं. तो बाजूला झाला.

फांद्या लिफ्टमध्ये आडव्या मावेनात. मग उभ्या धरल्या तरी मावेनात. म्हणून ज्यांना जमलं ते जिन्याने चढले. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी वळत गेलं, दारं उघडत गेली. चौदाव्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर आमच्या दोघींचा दम संपला होता. आईने मधे दोनदा पायरीवर बसून घेतलं, पण फांदी माझ्याकडे दिली नाही.

घरात बादलीत वाळू भरून आम्ही ती रस्त्याकडच्या खिडकीत उभी केली. खाली पाहिलं तर मॅनेजर गेटबाहेर रस्त्यावर उभा होता, मान वर करून. एकेक खिडकी बघत होता. आमच्या खिडकीवर त्याची नजर आली तेव्हा आईने पडद्याकडे हात नेला. मी तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. आणि पडदा, जेवढा होता तेवढाही, पूर्ण बाजूला सारला.